नव्या ट्रकचे पहिले तेल



आज आम्ही तुम्हाला आमच्या ट्रकची हकीकत सांगणार आहोत. आम्ही म्हणजे निफाड तालुक्यातले पाच कांदेवाले. पाच घरे, पाच वाटे आणि एक ट्रक. बँकेचे कर्ज काढून आम्ही तो घेतला. आमचा कांदा लासलगावच्या बाजारात जातो. भाव बरा दिसला तर कसारा घाट उतरून वाशीलाही जातो. भाड्याच्या गाडीची वाट पाहता पाहता खळ्यावर भिजलेला कांदा आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून म्हटले, गाडी आपलीच असावी.

गाडी आली. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. पोरे हौद्यात चढून नाचली. हे सगळे तुमच्याही गावात होते, ते काही नवे नाही. पुढची गोष्ट तेलाची आहे.

तेल म्हणजे डिझेल नव्हे, बरे का. डिझेल जळते आणि गाडी चालते. आम्ही बोलतो आहोत ते इंजिनाच्या पोटातले वंगण. कोणी त्याला इंजिन ऑईल म्हणतात, कोणी नुसते ऑईल. आपण तेल म्हणू.

तुम्ही म्हणाल, तेलासारख्या गोष्टीवर एवढे भाषण कशाला? त्याला कारण आहे. आमच्यापैकी एकाजवळ पूर्वी जुना टेंपो होता. एकदा रस्त्यावरच्या एका दुकानात त्याला तेल फार स्वस्त मिळाले. डबा नवा दिसत होता. आत मात्र जुनेच तेल होते, गाळून रंग दिलेले. महिनाभराने घाट चढताना इंजिन जाम झाले. दुरुस्तीला पैसे नव्हते. अर्धा एकर जमीन विकावी लागली. त्या अर्ध्या एकरात आज दुसऱ्याची द्राक्षाची बाग उभी आहे. आमच्या या भावाला रोज तिच्याच बांधावरून जावे लागते. म्हणून आमच्यात तेलाचा विषय निघाला की कोणी हसत नाही.

आता हे तेल करते काय? बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो. नाही घातले तर चाक कुरकुरते, बैलाला ओढ पडते, आस झिजतो. बैलगाडीचे चाक एका मिनिटात किती फिरेल? फार तर दहा-वीस वेळा. ट्रकचे इंजिन एका मिनिटात दोन-दोन हजार वेळा फिरते. लोखंडावर लोखंड घासले तर काही क्षणांत ते तापेल आणि चिकटून बसेल. दोन लोखंडांच्या मध्ये तेलाचा पातळ पडदा असतो, म्हणून ते घासत नाहीत. शिवाय तेल आतली उष्णता वाहून नेते. आतली काजळी आणि धातूचा भुगा धुऊन काढते. गंज चढू देत नाही.

नव्या इंजिनात हा भुगा जरा जास्त निघतो. नव्या जोड्याचे कसे असते? चार दिवस चावतो, मग पायाला बसतो. इंजिनाचे भागही तसेच एकमेकांना बसतात. बसताना बारीक भुगा झडतो आणि तेलात येतो. तेल गाळण्याची जाळी तो बराचसा धरून ठेवते. पहिल्यांदा तेल बदलताना ती जाळीही बदलायची असते. नव्या गाडीच्या पहिल्या तेलाला सगळे जपतात, ते यासाठी.

पण ते बदलायचे कधी? इथेच आमचा पहिला वाद झाला.

आमच्या ट्रकवर जे ड्रायव्हर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांची सारी हयात मुंबई-आग्रा रस्त्यावर गेली. हजार किलोमीटर झाले आणि मामा म्हणाले, "कंपनीचं तेल काढून टाका. पहिलं तेल लवकर काढावं लागतं. मी सांगतो ना." मामा खोटे बोलत नव्हते. ते ज्या गाड्यांवर शिकले, त्यांचे भाग आजच्याइतके गुळगुळीत होत नसत. पहिले तेल लवकर काढावेच लागे. आता यंत्रे भाग फार बारकाईने कापतात. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत पहिला बदल २० हजार किलोमीटरवर किंवा एका वर्षाने लिहिला होता, यांपैकी जे आधी होईल ते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दुसरा आकडा असेल. आमचा आकडा तुम्ही घेऊ नका. लवकर बदलल्याने इंजिन बिघडत नाही, फक्त पैसे जातात. उशीर केला तर मात्र बिघडते. आम्ही पुस्तिकेचे ऐकले आणि थांबलो.

कांद्याचा हंगाम सरला तेव्हा काटा १९ हजारांच्या पुढे गेला होता. आम्ही ठरवले, तेल बाजारातून आणावे आणि आपल्याच अंगणात बदलावे. चार पैसे वाचतील. मामा म्हणाले, "जाड तेल आणा. जाड तेल म्हणजे मजबूत तेल." दुकानदारानेही मान डोलावली. त्याने एक डबा काढून दिला. वर ट्रकचे चित्र होते. दर इतर डब्यांहून कमी होता. आम्ही खूश होऊन घरी आलो.

आमच्यापैकी एकाची आई आहे. साठी उलटलेली. सगळे गाव तिला काकी म्हणते. तुम्ही जसे रात्री या वर्गाला येता, तशी काकीही आमच्या गावच्या वर्गाला जात होती. नुकतीच वाचायला शिकलेली. जे दिसेल ते वाचायची. बिस्किटाचा पुडा वाच, औषधाची बाटली वाच, एस. टी.ची पाटी वाच. त्या रात्री तिने गाडीची पुस्तिका मांडीवर घेतली. पुस्तिका हिंदीत होती. अक्षरे आपलीच असल्यामुळे काकीचे बोट हळूहळू पुढे सरकत होते. तेलाच्या पानावर मात्र मध्येच इंग्रजी अक्षरे आली. काकीचे बोट थांबले.

इंग्रजी तिला येत नाही. पण तिने काय केले? तेलाचा डबा जवळ ओढला. पुस्तिकेतली अक्षरे आणि डब्यावरची अक्षरे शेजारी शेजारी धरली. चित्रे जुळवावीत तशी जुळवली. मग म्हणाली, "अरे, हे ते नाही."

आम्ही हसलो. मामा म्हणाले, "काकी, ट्रकच्या डब्यावर ट्रकचंच तेल असणार. बायकांना यातलं काय कळतंय?"

काकी म्हणाली, "ट्रकचं असंल. या ट्रकचं नाही. इथं काठीला दोन फांद्या हायेत. डब्यावर नुसती काठी हाय."

आम्ही वाकून पाहिले. खरेच होते.

मंडळी, ही अक्षरे तुम्हीही ओळखायला शिका. इंग्रजी यावे लागत नाही. पहिले अक्षर 'सी'. ते चंद्रकोरीसारखे असते. पाठ डावीकडे, तोंड उजवीकडे. तेलाच्या डब्यावर चंद्रकोर आधी आली की ते बहुधा डिझेलच्या इंजिनाचे तेल समजावे. त्याच्या पुढचे अक्षर महत्त्वाचे. आमच्या डब्यावर 'आय' होता. 'आय' म्हणजे नुसती उभी काठी. पुस्तिकेत 'के' होता. 'के' म्हणजे उभी काठी आणि तिच्या मधून उजवीकडे फुटलेल्या दोन फांद्या, एक वर गेलेली, एक खाली आलेली. त्यानंतर एक छोटी आडवी रेघ आणि ४ चा इंग्रजी आकडा. उलटी खुर्ची धरावी तसा तो दिसतो. मोबाईलवर तो तुम्ही रोज पाहता. म्हणजे आम्ही आणले होते सी-आय-४ आणि पाहिजे होते सी-के-४.

दोन फांद्यांनी असे काय बिघडते? आम्हालाही तेच वाटले. सकाळी पुस्तिका आणि डबा घेऊन आम्ही गाडी जिथून घेतली त्या कारखान्यात गेलो. तिथल्या मिस्त्रींनी डबा पाहिला आणि म्हणाले, "टाकलं नाही ना अजून?" आम्ही नाही म्हटल्यावर त्यांनी आम्हाला बसवून घेतले आणि नीट समजावून सांगितले. त्यांनी सांगितलेले आम्ही आमच्या शब्दांत सांगतो.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नव्या गाड्यांच्या धुराचे नियम कडक झाले. या गाड्यांना बी. एस. ६ म्हणतात. डिझेलच्या अशा बहुतेक गाड्यांच्या धुराच्या नळीत एक जाळी बसवलेली असते. जाळी म्हणजे तारेची नव्हे. चिनी मातीसारख्या पदार्थाची, मधमाशीच्या पोळ्यासारखी. धुरातली काजळी तिच्यात अडकते. पूर्वी ट्रक चढणीला लागला की मागे काळा लोट निघायचा, आठवते ना? तो लोट आता या जाळीत अडकतो. जाळी भरत आली की तिच्यातली उष्णता वाढवली जाते आणि काजळी जळून जाते. जाळी पुन्हा मोकळी होते.

आता चुलीपाशी चला. बाभळीचे लाकूड जाळले तर राख थोडी राहते. गोवरी जाळली तर राख पुष्कळ. दोन्ही जळतात, पण मागे राहणारी राख सारखी नसते. तेलाचेही तसेच आहे. इंजिनातले थोडे तेल जळून धुराबरोबर जातेच. तेलात धातूंचे काही क्षार मिसळलेले असतात. ते जळत नाहीत. त्यांची राख होते आणि जाळीत जाऊन बसते. काजळी पुन्हा जाळता येते. राख कशी जाळणार? ती साचतच जाते. एक दिवस पोळ्याची भोके बुजतात. गाडी ओढत नाही, डिझेल जास्त खाते, समोर दिवा लागतो आणि शेवटी जाळी काढावी लागते. त्या जाळीची किंमत आम्ही विचारली. ऐकून पाचही जण गप्प बसलो. कांद्याचा एक बरा हंगाम त्यात गेला असता.

मग जुन्या तेलात एवढे क्षार घालत तरी कशाला? त्यालाही कारण होते. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक जास्त असे. जळताना त्याचे आम्ल तयार होई आणि ते लोखंड खाई. आम्ल मारण्यासाठी क्षार लागत. आता बी. एस. ६ च्या डिझेलमध्ये गंधक फार थोडे असते, दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त नाही. म्हणून तेलातले राख करणारे क्षारही कमी करता आले. सी-के-४ तेलाला राखेची मर्यादा घालून दिली आहे: १०० भागांत १ भाग, त्यावर नाही. सी-आय-४ हे २००२ सालच्या सुमाराचे तेल आणि सी-के-४ हे २०१६ सालचे. सी-आय-४ वाईट तेल नाही. जुन्या ट्रकला ते उत्तम चालते. आमच्या ट्रकला नाही चालत, एवढेच.

दुसरी गोष्ट जाडपणाची. डब्यावर मोठ्या आकड्यांत लिहिलेले असते १५, मग एक अक्षर, मग ४०. मधले अक्षर 'डब्ल्यू'. दोन खड्डे शेजारी शेजारी खणले तर बाजूने जसे दिसतील, तसे ते दिसते. इंग्रजीत हिवाळ्याच्या शब्दाचे ते पहिले अक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा सांगतो की थंडीत तेल किती सहज वाहते. आकडा जितका लहान, तितके ते थंडीत लवकर वाहते. नंतरचा आकडा सांगतो की इंजिन तापल्यावर तेल किती जाड राहते. आकडा मोठा, तेल जाड. आपल्या निफाडला थंडीत पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो. तेवढ्या थंडीला १५ चे तेल पुरे होते.

मामांनी आणायला लावलेले तेल २० डब्ल्यू ५० होते. मामांचे म्हणणे, जाड ते मजबूत. पिठल्याला ते लागू असेल, तेलाला नाही. इंजिनाचे भाग जितक्या फटीने बसवलेले असतात, तितक्याच जाडीचे तेल त्यांना लागते. फार जाड तेल पहाटे गाडी सुरू करताना वरपर्यंत पोहोचायला वेळ लावते. तेवढा वेळ वरचे भाग कोरडे घासतात. इंजिनाला ते ढकलायला जोर लागतो, म्हणजे डिझेलही जास्त लागते. झिजलेल्या जुन्या इंजिनात फटी वाढलेल्या असतात, तिथे जाड तेल थोडे दिवस सावरून नेते. मामांची समजूत तिथून आली असावी. शेजारच्या गावच्या एका छोट्या पिकपच्या पुस्तिकेत तर ५ डब्ल्यू ३० लिहिले आहे, म्हणजे आमच्याहूनही पातळ. त्याने आमचे पाहून तेल घेतले तर त्याचे चुकेल. आम्ही त्याचे पाहून घेतले तर आमचे चुकेल.

पुस्तिकेत असते ते तेल मागायचे, अक्षर न् आकडा जुळवून. दुकानदार म्हणेल, "हे त्याच्यापेक्षा भारी आहे, सिंथेटिक आहे." भारी असेल. पुस्तिकेतले अक्षर आणि आकडा त्याच्यावर आहे का, तेवढे पाहा. असतील तर खिशाला परवडेल तसे करा. नसतील तर डबा परत द्या.

आम्हीही डबा परत दिला. दुकानदार कुरकुरला, पण सील फोडलेले नव्हते, म्हणून घेतला. आता डबा घेताना आम्ही काय पाहतो ते सांगतो. झाकणाखालची कडी अखंड आहे का, तेल भरल्याची तारीख आणि घाण्याचा क्रमांक छापलेला आहे का, छपाई पुसट किंवा खरवडलेली तर नाही ना. काही कंपन्यांच्या डब्यावर चौकटीचा कोड असतो. घरातल्या शिकत्या पोराला सांगा, तो मोबाईलवर पाहील. बिल घ्यायचेच. बिलावर तेलाचे पूर्ण नाव, अक्षर, आकडा आणि गाडीचा नंबर लिहून घ्यायचा. कंपनीची हमी चालू असताना इंजिन बिघडले, तर पहिला प्रश्न हाच येतो की तेल कोणते टाकले होते. तोंडाने सांगितलेले कोणी धरत नाही. आणि रिकामा झालेला डबा भंगारवाल्याला तसाच देऊ नका. विळ्याने भोक पाडून द्या. नाहीतर त्याच डब्यात कोणी खराब तेल भरील आणि तो तुमच्याच हाती येईल. आमच्या भावाचा अर्धा एकर असाच गेला.

शेवटी तेल आम्ही अंगणात बदललेच नाही. हमी होती, म्हणून कारखान्यातच बदलून घेतले. पहिल्या वेळची मजुरी फुकट होती, तेलाचे आणि जाळीचे पैसे द्यावे लागले. पण आम्ही पाचही जण शेजारी उभे राहिलो. तुम्हीही उभे राहत जा. इंजिन थोडे गरम असताना तेल सोडले, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर निघून येतो. गाडी सपाट जमिनीवर होती. खालच्या बुचाची चकती नवी टाकली. नव्या जाळीच्या रबरी कड्याला बोटाने तेल लावले. मग नवे तेल ओतले. जाळीसकट साडेनऊ लिटर लागले. इंजिन थोडे चालवून बंद केले, काही मिनिटे थांबले आणि मग पट्टी काढून पाहिली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मध्ये पाहिजे. खालच्या खुणेखाली गेले तर वाईट, आणि वरच्या खुणेवर गेले तरी वाईट. जास्त तेल इंजिनात घुसळले जाते, त्याचा फेस होतो आणि फेसाचे वंगण होत नाही.

चार दिवसांनी मामांनी पट्टी काढली. तेल काळे झालेले. मामा घाईघाईने आले, "बघा, फसवलं आपल्याला!" आम्हीही घाबरलो. मिस्त्रींना फोन केला तर ते हसले. डिझेलच्या गाडीत तेल लवकर काळे होतेच. काजळी धुऊन ते पोटात धरते, म्हणून ते काळे होते. मात्र पट्टीवर तेल आपोआप वाढलेले दिसले तर थांबू नका. आपण ओतले नाही, मग वाढले कुठून? जाळीतली काजळी जाळताना कधी कधी डिझेल तेलात उतरते. फार आखूड फेऱ्या मारल्या, जाळी साफ होत असतानाच गाडी पुन्हा पुन्हा बंद केली, तर असे होते. अशी गाडी कारखान्यात दाखवावी.

राहिले ते काढलेले जुने तेल. गावात लगेच मागण्या आल्या. एकाला गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून पाहिजे होते, एकाला म्हशीच्या खरजेवर लावायला. आम्ही दिले नाही. लोकांना राग आला. पण त्या तेलात जळलेले विषारी पदार्थ असतात. ते कातडीतून अंगात जातात, म्हशीच्याही आणि लावणाऱ्याच्याही. एक लिटर जुने तेल दहा लाख लिटर पाणी नासवू शकते, असे सांगतात. आमच्या विहिरी गोठ्यापासून किती लांब आहेत? तेल कारखान्याच्या पिंपात जमा केले. तिथून ते परवाना असलेल्या लोकांकडे जाते आणि शुद्ध होऊन पुन्हा कामी येते.

मामा थोडे दिवस घुश्शात होते. मग एक दिवस काकीपुढे पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून म्हणाले, "काकी, ते तेवढं काढून द्या की." काकीने पुस्तिकेवर पाहून पुठ्ठ्यावर मोठी अक्षरे काढली. चंद्रकोर, दोन फांद्यांची काठी, उलटी खुर्ची, आणि खाली १५ डब्ल्यू ४०, सगळे इंग्रजी आकड्यांत. मामांनी तो पुठ्ठा ट्रकच्या काचेवर, खंडोबाच्या फोटोशेजारी खोचला.

गेल्या महिन्यात वाशीहून परतताना तेल थोडे कमी वाटले. रस्त्यावरच्या दुकानात मामा पुठ्ठा घेऊन उतरले. दुकानदाराने डबा दिला. मामांनी तो उजेडात धरला, शेजारी पुठ्ठा धरला आणि एक एक अक्षर पाहत राहिले.

दुकानदार म्हणाला, "मामा, इंग्रजी वाचता वाटतं?"

मामा म्हणाले, "फांद्या दिसत नाहीत याला. दुसरा काढ."